भग्नचिकित्सेचा उत्तरार्ध

अस्थिभग्नाचा रुग्ण आज प्रथम वैद्याकडे येत नाही, ही वस्तुस्थिती आपण सर्वांनी मनोमन स्वीकारलेली आहे. अपघात होतो, रुग्ण अस्थिशल्यतज्ज्ञाकडे जातो, क्ष-किरण चित्र निघते, हाड जागेवर बसवून प्लास्टर घातले जाते किंवा प्लेट, स्क्रू अथवा सळई घालून ते स्थिर केले जाते, आणि काही दिवसांत तो घरी परततो. येथपर्यंतचा प्रवास बहुधा सुरळीत होतो. खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. रुग्णालयाच्या कागदावर पुढील भेटीची तारीख असते, गोळ्यांची नावे असतात आणि शेवटी 'व्यायाम करणे' असे दोन शब्द असतात. कोणता व्यायाम, किती, कधीपासून, पायावर भार किती द्यायचा, काय खायचे, कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही, याचे उत्तर देणारा माणूस तालुक्याच्या गावी तर सोडाच, शहरातही सहजी मिळत नाही. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचा हा काळ रुग्ण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सल्ल्यावर काढतो. याच काळात तो आपल्या चिकित्सालयाची पायरी चढतो आणि विचारतो, "वैद्यराज, तेल कोणते लावू?"

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की हाड जोडण्याचा दावा सांगण्यात आपण जी शक्ती खर्च करतो, ती या उत्तरार्धाकडे वळवली पाहिजे. हाड सांधले म्हणजे चिकित्सा संपली, असे आपल्या शास्त्रानेही कधी मानलेले नाही. अवयव पुन्हा आपले कर्म करू लागला, तरच भग्न बरा झाला. हा दुसरा भाग आज अनाथ आहे. तो सांभाळण्याची पात्रता आपल्यापाशी आहे. परंतु त्यासाठी लागणारी शिस्त आपण अंगी बाणवली आहे काय, याचा विचार झाला पाहिजे.

सुश्रुतसंहितेतील निदानस्थानाचा पंधरावा आणि चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. संधिमुक्ताचे सहा आणि कांडभग्नाचे बारा प्रकार आजही परीक्षेत विचारले जातात. मात्र त्या चिकित्साध्यायाचा विस्तार कोणत्या गोष्टींना दिला आहे, हे पुन्हा एकदा पाहण्यासारखे आहे. अर्जुन, वड, पिंपळ, उंबर, पळस, वेळू इत्यादींच्या कुशा. बंध सैल झाला तर संधी स्थिर होत नाही आणि आवळला तर शोथ, वेदना व पाक होतो, हा इशारा. शीत ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध बदलण्याचा नियम. मांडी, कटी, पाठ यांच्या भग्नात खुंट्यांनी शरीर स्थिर ठेवणारे कपाटशयन. आणि आहारविहाराची तपशीलवार सूचना. हाड जागेवर बसवण्याची क्रिया थोड्या शब्दांत सांगितली आहे आणि तिच्यानंतरच्या सांभाळाला मोठी जागा दिली आहे, हे प्रमाण बोलके आहे.

त्यातही तळहाताच्या भग्नाविषयीचा निर्देश आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. रुग्णाने आधी मऊ गोळा हातात धरावा, मग त्याहून कठीण, आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असे तेथे सांगितले आहे. पाठभेदाने गोळ्याचे द्रव्य शेण, माती वा लवण असे बदलते. क्रम बदलत नाही. वाढत्या प्रतिकाराने स्नायूंना बळ द्यावे, हे आजच्या पुनर्वसनशास्त्राचे मूलतत्त्व येथे स्पष्ट आहे. गंमत अशी, की याच अध्यायात भग्नाच्या रुग्णाने वर्ज्य करावयाच्या गोष्टींत व्यायामाचा समावेश आहे. हा विरोध नव्हे. श्रम होईपर्यंत शरीर राबवणे हा व्यायाम वर्ज्य आहे. जातबल अवयवाला क्रमाने कर्म देणे ही चिकित्सा आहे. परंतु आपल्यापैकी अनेकांनी पहिलेच वचन ध्यानात ठेवले आणि दुसरे विसरले. "तीन महिने हलू नका" हा सल्ला ग्रंथाच्या नावावर दिला जातो, तेव्हा ग्रंथावर अन्याय होतो आणि रुग्णाचा गुडघा कायमचा आखडतो.

आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचा इतिहासही याच दिशेने गेलेला आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या 'ए.ओ.' या शल्यतज्ज्ञांच्या गटाने हाड पक्के जोडण्यासाठी प्लेट व स्क्रू यांचा पुरस्कार केला, तो केवळ हाड सरळ दिसावे म्हणून नव्हे. त्यांच्या मूलतत्त्वांपैकी एक तत्त्व शेजारच्या सांध्यांची लवकरात लवकर हालचाल सुरू करणे हे होते. दीर्घकाळ प्लास्टरमध्ये राहिलेल्या अवयवाचे स्नायू झिजतात, सांधे आखडतात, हाड विरळ होते, आणि जुळलेल्या हाडाचा माणूस पंगू राहतो, हे त्यांनी पाहिले होते. कुशा पूर्वी बाहेरून बांधली जाई, आता ती आत बसवली जाते. उद्देश एकच आहे. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाकडे आपल्या शास्त्राचा पराभव म्हणून पाहण्याचे कारण नाही. विषम जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे, असे सांगण्याचे धैर्य ज्या आचार्यांपाशी होते, त्यांनी सळईला विरोध केला असता, असे आम्हास वाटत नाही.

या ठिकाणी दोन प्रकारचे आक्षेप येतात. काही सन्मित्र म्हणतात, की हे काम भौतिकोपचारतज्ज्ञांचे आहे, आपण त्यात पडू नये. जेथे असा तज्ज्ञ उपलब्ध आहे तेथे रुग्णाने त्याच्याकडे जावे, हे निर्विवाद. परंतु ज्या गावी तो नाही तेथे रुग्णाने काय करावे? शिवाय आहार, निद्रा, मलप्रवृत्ती, मनोबल आणि पूर्वीचे आजार यांसह संपूर्ण माणसाचा विचार करणारा कोणीतरी लागतोच. दुसरा पक्ष म्हणतो, की शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सांभाळणे म्हणजे दुय्यम भूमिका पत्करणे होय. आमचे उत्तर असे, की रुग्णाच्या दृष्टीने सहा दिवसांचा रुग्णालयवास दुय्यम आणि सहा महिन्यांचे अपंगत्व मुख्य असते. पुन्हा शेतात जाता येणे, बसमध्ये चढता येणे, स्वतःच्या हाताने केस विंचरता येणे, हे त्याचे साध्य आहे.

मात्र या क्षेत्रात उतरणाऱ्या वैद्याने आपल्या हातून हानी होणार नाही, याची प्रथम खात्री करावी. कोपराच्या दुखापतीनंतर जोरकस मर्दन करणे आणि आखडलेला कोपर बळाने सरळ करणे हा आपल्याकडील हाडवैद्यांचा जुना प्रघात आहे. त्यामुळे सांध्याभोवतीच्या स्नायूंत नवे हाड तयार होऊन कोपर कायमचा जखडतो, हे अस्थिशल्यतज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत. कोपराला मर्दन नको. रुग्णाने स्वतः, वेदनेच्या मर्यादेत, दिवसातून अनेकदा केलेली हालचाल हीच तेथील चिकित्सा होय. मुलांच्या कोपराच्या भग्नात घट्ट बंधाने रक्तप्रवाह अडून बोटे वाकडी होतात. या विकृतीचे वर्णन जर्मन शल्यतज्ज्ञ फोल्कमान यांनी १८८१ मध्ये केले. आवळलेल्या बंधाचे दुष्परिणाम सुश्रुतांनी त्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. तरीही वेळूच्या कामट्यांखाली काळीनिळी पडलेली बोटे घेऊन मुले रुग्णालयात येतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

काही लक्षणे दिसताच तेलाची बाटली बाजूला ठेवून रुग्णास त्वरित शल्यतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे. प्लास्टर किंवा बंध असलेल्या अवयवात वाढत जाणारी, औषधाने न शमणारी वेदना; बोटे दुसऱ्याने सरळ केली असता होणारी तीव्र कळ; बोटांना बधिरता, पांढुरकेपणा वा थंडपणा; पोटरीत नव्याने आलेली सूज व दुखणे, विशेषतः त्याबरोबर दम लागत असेल तर; जखमेतून स्राव, लाली किंवा ज्वर; आणि चालू लागलेल्या रुग्णाच्या जुन्या जागी अकस्मात उद्भवलेली वेदना. यांपैकी पोटरीची सूज विशेष लक्षात ठेवावी. खुब्याच्या वा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर खोल शिरांत रक्त गोठण्याचा धोका असतो. अशा पायाला चोळले असता गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व प्राणावर बेतू शकते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत त्या पायाला अभ्यंग करू नये. पुढेही टाके निघून जखम पूर्ण कोरडी झाल्याखेरीज, आणि शल्यतज्ज्ञास विचारल्याखेरीज, तेल लावू नये. बधिर त्वचेवर स्वेदन करू नये. भाजल्याचे रुग्णास कळत नाही.

औषधांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. सांधा बदललेल्या रुग्णास रक्त पातळ राहण्याचे औषध काही आठवडे दिले जाते. खुब्याच्या बाबतीत ते पाच आठवड्यांपर्यंतही चालते. आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाचा विचार ते औषध लक्षात घेऊन केला पाहिजे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम ही औषधे शरीरात कमी प्रमाणात उपलब्ध होतात, असे आढळले. वृद्ध रुग्णांत ही औषधे सर्रास असतात आणि लाक्षागुग्गुळ वा आभागुग्गुळ हे आपले नित्याचे कल्प आहेत. रुग्णाच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून पाहिल्याविना लेखणी उचलू नये. अस्थिशृंखलेविषयी, म्हणजे आपल्या कांडवेलीविषयी, काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर केलेले काम आशादायक होते. तथापि मोठ्या मानवी चाचण्यांचे बळ त्यामागे उभे राहिल्याविना 'हाड निम्म्या वेळात जुळते' अशा जाहिराती करणे आपल्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही.

आता पथ्याकडे वळू. येथे आपला अधिकार मोठा आहे आणि गोंधळही मोठा आहे. हाड मोडलेल्या माणसाला घरची मंडळी भात देत नाहीत, कारण 'जखमेत पाणी होते'. डाळ देत नाहीत, कारण 'ती वातूळ'. दूध देत नाहीत, कारण 'पू होतो'. आणि हे सारे आयुर्वेदाच्या नावावर! वास्तविक सुश्रुतांनी भग्नाच्या रुग्णासाठी शाली तांदूळ, दूध, तूप, मांसरस, वाटाण्याचे यूष आणि बृंहण अन्न हेच सांगितले आहे. वर्ज्य सांगितले ते लवण, कटु, क्षार, अम्ल आणि रूक्ष अन्न. हाड सांधण्यासाठी प्रथिने लागतात, आणि कोरड्या भाकरीवर ठेवलेल्या रुग्णाला ती मिळत नाहीत. दूध, अंडी, मासे, मटणाचा रस्सा, मुगाचे वरण, ज्याला जे चालते ते त्याला द्यावे. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची खीर वा आंबील गरिबाच्या घरीही होते. डिंकाचे आणि हळिवाचे लाडू बाळंतिणीपुरतेच ठेवण्याचे कारण नाही. मात्र अग्नी पाहून द्यावेत. अम्ल वर्ज्य म्हणून लिंबू आणि आवळा यांनाही हद्दपार करणे आम्हास मान्य नाही. आवळा पाच रसांचा आहे आणि रसायन आहे.

आतपाचेही तसेच. सुश्रुतांनी ऊन वर्ज्य म्हटले ते उघड्यावर राबणाऱ्या समाजास उद्देशून, असे आम्ही समजतो. आज महिनोन्‌महिने बंद खोलीत पडून राहणाऱ्या रुग्णांत 'ड' जीवनसत्त्वाचा अभाव मोठ्या प्रमाणावर आढळतो. शल्यतज्ज्ञाने त्याची मात्रा दिली असेल तर ती बंद करण्याचा सल्ला कोणी देऊ नये. तंबाखूविषयी मात्र कोणतीही सवलत नको. धूम्रपान करणाऱ्यांत हाड सांधण्यास विलंब होतो हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे; आणि आपल्या ग्रामीण भगिनी ज्या मिश्रीला व्यसनच मानत नाहीत, तीही तंबाखूच आहे. इतिहास घेताना हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

कालमर्यादेबाबतही रुग्णास सत्य सांगावे. तरुण वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, हे प्रमाण वयानुसार संधान लांबते एवढे शिकण्यासाठी घ्यावे; दिनदर्शिका म्हणून नव्हे. प्रौढाच्या नडगीचे हाड पक्के होण्यास चार-पाच महिने लागणे अस्वाभाविक नाही. 'सव्वा महिन्यात पाय टेकवा' असे वैद्याने सांगावे आणि त्यामुळे प्लेट तुटावी, असे घडता कामा नये. पायावर भार केव्हा आणि किती द्यायचा, हा निर्णय क्ष-किरण चित्र पाहून शल्यतज्ज्ञानेच घ्यायचा आहे. त्या मर्यादेत रुग्णाकडून रोज करून घेणे, हे आपले काम. मनगटाला प्लास्टर असेल तर बोटे व खांदा पहिल्या दिवसापासून हलले पाहिजेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय मोडली पाहिजे, अन्यथा गुडघा पूर्ण सरळ होत नाही. खुबा बदललेल्या रुग्णाने मांडी घालणे व उकिडवे बसणे शल्यतज्ज्ञाने मुभा देईपर्यंत टाळावे. त्यासाठी घरात उंच खुर्ची व कमोडची सोय करून द्यावी लागते. ही साधी कामे आहेत. पण ती न झाल्याने उत्तम शस्त्रक्रिया वाया जातात.

वृद्धांच्या खुब्याच्या भग्नाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण तेथे आपल्या एका शब्दावर माणसाचा जीव अवलंबून असतो. "या वयात कशाला चिरफाड? पडून राहू द्या, जुळेल तसे जुळेल," असे म्हणणारे हितचिंतक प्रत्येक घरात असतात, आणि कुटुंबाचा वैद्य म्हणून आपले मत विचारले जाते. अंथरुणावर खिळलेल्या वृद्धाचा घात पाठीवरच्या जखमा, न्यूमोनिया आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे करतात. मोडलेले हाड निमित्तमात्र असते. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दाखल झाल्याच्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णास हालते करावे, असे म्हटले आहे. यास्तव प्रकृती शस्त्रक्रियेस योग्य असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले असेल तर वैद्याने निःसंदिग्धपणे 'करून घ्या, लवकर करून घ्या' असेच सांगावे. वाताचा आश्रय अस्थी आहे, आणि अस्थिक्षय व वातवृद्धी हातात हात घालून चालतात, हे वाग्भटांनी सांगितले. उतारवय तर वाताचेच. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बृंहण आहार, व्रणरोपण झाल्यावर आणि बल पाहून चरकोक्त तिक्तसिद्ध क्षीरबस्ती, हे आपले योगदान. त्याचबरोबर दुसरा भग्न टाळणे हेही आपलेच काम, कारण घराचा उंबरा आपण ओलांडतो. ओली न्हाणी, अंधारी वाट, न काढलेला मोतीबिंदू, रात्री झोपेची गोळी घेऊन लघवीस उठण्याची सवय, या गोष्टी रुग्णालयात दिसत नाहीत.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. आपण भग्नोत्तर रुग्णांवर काम करतो, परंतु त्याची नोंद ठेवत नाही. आणि ज्याची नोंद नाही त्यावर कोणी विश्वास ठेवावा, अशी अपेक्षाही करता येत नाही. संघटनेच्या शाखांनी एक पानाचे साधे भग्नोत्तर पत्रक तयार करावे. त्यात दुखापतीची व शस्त्रक्रियेची तारीख, भार देण्याची शल्यतज्ज्ञाने घालून दिलेली मर्यादा, चालू असलेली सर्व औषधे, सांध्याची हालचाल कोनमापकाने मोजलेल्या अंशांत, मांडीचा वा दंडाचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि रुग्ण आज कोणते काम करू शकतो याची एक ओळ, एवढेच असावे. दर १५ दिवसांनी ते भरावे व त्याची एक प्रत रुग्णासोबत शल्यतज्ज्ञाकडे पाठवावी. आपल्या हस्ताक्षरातील तो कागद पाहून आरंभी काही शल्यतज्ज्ञ हसतील. परंतु गुडघा ४० अंशांवरून ११० अंशांवर गेल्याची नोंद समोर आल्यावर ते वाचू लागतील. आणि जेथे आपल्या उपचाराने काहीच फरक पडला नाही, तेही त्याच कागदावर दिसेल. ते आपल्याला कळणे अधिक आवश्यक आहे. पुढील त्रैमासिक बैठकीत या पत्रकाचा मसुदा चर्चेस घ्यावा, अशी आमची सर्व शाखांना नम्र विनंती आहे.